मालकाचं उत्तर: «पाच दिवस लावले, माणसं गच्चीवर चहा पीत बसलेली, वर अर्थिंगचे जादा पैसे» या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. दिंडोरी रोडवरच्या तुमच्या पॅकहाउसमध्ये ऐन द्राक्षाच्या हंगामात स्कॅनर बंद राहिले, गाड्या लोडिंगला खोळंबल्या. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण «चहा पीत बसलेली» हे वाचून पोरांची तोंडं उतरली, म्हणून तेवढं सांगतो. पेटी, म्हणजे तुमच्या स्कॅनरना मोबाइल सिग्नल देणारा छोटा टॉवरच, आणि स्पेक्ट्रम टेलिकॉम कंपनीचं. पोल, केबल, अर्थिंग आणि पेटी चालू करून देणं आमच्याकडे. गुरुवारी पोल उभा राहिला, अँटेना चढली, जोडांना टेप गुंडाळून झाली. शुक्रवारी सकाळी पेटीला करंट दिला. त्यानंतर लगेच सिग्नल येत नाही, सर. तुमच्याकडची पेटी टीडीडी प्रकारची आहे, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, आळीपाळीनं. एकेरी पुलावर दोन्हीकडची वाहतूक सोडतात तसं. शेजारच्या टॉवरच्या आणि आपल्या घड्याळात ३ मायक्रोसेकंदांहून जास्त फरक पडला की दोघांचा गोंधळ होतो. हे घड्याळ पेटी जीपीएसच्या उपग्रहांवरून लावते आणि ते लागेपर्यंत रेडिओ चालूच करत नाही. त्या वेळी माणसानं करण्यासारखं काही नसतं, लॅपटॉपकडे बघत बसायचं. पोरं तेच करत होती. चहा तुमच्याच ऑफिसातून आला होता, त्याबद्दल आभार.

शुक्रवारी ११:४० ला सिग्नल आला. तुमच्या मॅनेजरनी स्वतः स्कॅनर चालवून बघितला आणि सही दिली. म्हणजे काम दुसऱ्या दिवशीच झालं होतं. रिव्ह्यूमध्ये याचा उल्लेख नाही.

मग शनिवारी सकाळी फोन आला, «सगळं बंद.» पेटीच्या नोंदीत स्पष्ट दिसतं की शुक्रवारी संध्याकाळी ५:५० पर्यंत ९ उपग्रह दिसत होते, ५:५५ ला एकही नाही. पेटी काही तास स्वतःच्या घड्याळावर तग धरते, नंतर आपणहून रेडिओ बंद करते. तो रात्री बंद झाला. आमच्या मुलानं शनिवारी कनेक्टर बदलला, अरेस्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा भाग) बदलला, केबल तपासली. फरक नाही. रविवारी पॅकहाउसला कुलूप. सोमवारी मी स्वतः वर आलो, तेव्हा कठड्याच्या कोपऱ्यावर बसवलेली ती पांढरी, मशरूमसारखी दिसणारी जीपीएस अँटेना सोलर पॅनलच्या खाली सापडली. उभी, नीट, पण डोक्यावर पॅनल. तिला मोकळं आकाश लागतं. रंगारी म्हणाला, कठडा रंगवायचा होता आणि ऑफिसातून कुणीतरी सांगितलं की «ते तिथं बरं दिसत नाही.» परत कोपऱ्यावर ठेवली आणि वीस मिनिटांत सिग्नल आला. आता ते तीन दिवस कुणाच्या खात्यात धरायचे, तुम्हीच सांगा.

आमचं चुकलं ते एवढंच की गुरुवारी जो मुलगा होता तो शनिवारी गावी गेला होता, आणि दुसऱ्याला वाटलं अँटेना मुळातच तिथं बसवलीय. आधी आकाशाकडे बघायचं सोडून तो केबलच्या मागे लागला. कबूल.

अर्थिंगचे ९,५०० रुपये. तुमचा जुना खड्डा मीटरवर १४ ओहम दाखवत होता, आम्हाला ५ च्या आत हवं असतं. पहिल्याच पावसाळ्यात वीज पडली तर पेटी जाईल, पेटीबरोबर तुमचा नेटवर्कचा स्विचही. म्हणून नवा खड्डा घेतला, तर खाली मुरूम आणि मग सरळ कातळ, पहार दोनदा वाकली. फोनवर मॅनेजरना सांगून होकार घेतला होता, पण लेखी दिलं नाही. यापुढे जादा काम आधी व्हॉट्सॲपवर टाकत जाऊ.

रेडिएशनबद्दल कुणी काही सांगितलं नाही, असंही लिहिलंय. भारतात टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली, आणि तुमची पेटी मोठ्या टॉवरच्या मानानं लहान आहे. विचारलं असतं तर तिथंच सांगितलं असतं.

आम्ही तीन माणसं, सर. नवीन गिऱ्हाईक आधी रिव्ह्यू बघतं, मग फोन करतं. स्टार बदलायचा की नाही ते तुमच्यावर. आम्हीही कामात सुधारणा करतोच आहोत. तूर्त गुरुवारी येऊन जीपीएससाठी कोपऱ्यावर लोखंडी ब्रॅकेट पक्का ठोकून देतो, त्याचे पैसे नाहीत. फक्त रंगाऱ्याचं काम संपलं की एक फोन करा.