हॅश ‘डीकोड’ करून अडकलेले बिटकॉइन परत मिळत नसतात

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज फिरतोय, वर तीन लाल दिवे आणि ‘सर्वांना पाठवा’ वगैरे. त्यात पाच मुद्दे आहेत. एक, गूगलने बिटकॉइनचं शा-२५६ नावाचं कुलूप फोडलं. दोन, हे कुलूप अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेनेच बनवलंय, त्यामुळे मागचं दार पहिल्यापासून होतंच. तीन, क्वांटम कॉम्प्युटर आला, सगळी क्रिप्टो शून्य होणार. चार, म्हणून आत्ताच आमच्या टूलमध्ये जुन्या ट्रान्झॅक्शनचा हॅश आणि वॉलेटचे १२ शब्द टाका, हॅश डीकोड होऊन अडकलेले कॉइन २४ तासांत परत. पाच, त्याच टूलवर मोबाईलमधून फुकट मायनिंग, म्हणजे नवे कॉइन कमावणं.

एरवी मी असल्या गोष्टी न वाचता डिलीट करतो. पण हा आमच्या काकांपर्यंत पोचला. काकांचे काही पैसे २०२१ च्या क्रिप्टोच्या लाटेत एका ॲपमध्ये अडकलेत, थोडे कॉइन त्यांच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये पडून आहेत, आणि त्यांनी फोन करून ‘हे खरंय का रे’ असं विचारलंच नाही, थेट ‘यात हॅश म्हणून नेमका कुठला नंबर टाकायचा?’ असं विचारलं. तेव्हा चौथा मुद्दा आधी, बाकीचे नंतर जमेल तसे.

हॅश फंक्शन करतं काय, तर कितीही मोठी माहिती घेतं आणि ठरलेल्या लांबीचा एक आकडा देतं. शा-२५६ हे असंच एक फंक्शन, त्यातून २५६ बिट बाहेर पडतात, लिहिताना ६४ अक्षरं. इंग्रजी ‘हॅलो’ सगळं लहान लिपीत टाइप करून हॅश काढा, तो २सीएफ२४ ने सुरू होतो. फक्त पहिला एच कॅपिटल करा, आता तो १८५एफ८ ने सुरू होतो आणि पुढचंही सगळं बदलतं. काहीच न टाकता काढलात तरी ६४ अक्षरं येतात. आणि घरातल्या लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ टाकलात तरी ६४च. आता हे ‘डीकोड’वाले म्हणतायत ते खरं धरलं तर त्या ६४ अक्षरांतून अख्खं लग्न, वरातीसकट, परत बाहेर काढता आलं पाहिजे. तसं होत असतं तर पेनड्राइव्ह कोणी विकत घेतला असता? माहिती त्यात साठवलेलीच नसते हो, मग बाहेर काय काढणार. एन्क्रिप्शनला किल्ली असते, किल्ली लावली की मूळ मजकूर परत मिळतो. हॅशला किल्लीच नसते. अंदाजाने एकेक मजकूर टाकून तोच हॅश येतो का ते बघत बसायचं एवढाच मार्ग, आणि शक्य हॅशची संख्या ७८ आकडी आहे.

पण खरा विनोद पुढे आहे. समजा उलटा करता आला ट्रान्झॅक्शनचा हॅश. मिळणार काय? कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती कॉइन गेले, एवढंच. ते तर आत्ताही उघडं आहे! तोच हॅश कुठल्याही ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर टाका, सगळा व्यवहार समोर येतो, फुकट, कोणालाही. रेल्वेच्या पीएनआरसारखं आहे ते, नंबर टाकला की तिकिटाची माहिती दिसते, पण पीएनआर ‘फोडून’ तिकिटाचे पैसे काढून देतो म्हणणाऱ्याला आपण स्टेशनवर उभं तरी करू का? कॉइन हलवायला लागते ती खाजगी किल्लीने केलेली सही, आणि सगळ्या खाजगी किल्ल्या ज्यातून निघतात ते म्हणजे तुमचे १२ शब्द. म्हणजे टूल दोन गोष्टी मागतं, त्यातला हॅश निव्वळ शोभेला, काहीतरी टेक्निकल चाललंय असं वाटावं म्हणून, आणि १२ शब्द मिळाले की पाच मिनिटांत वॉलेट साफ. अडकलेले पैसे परत येणं राहूदे, जे होते तेही गेले. आणि ॲपवाल्याने दाबलेले पैसे मुळात तुमच्या वॉलेटमध्ये नाहीतच, ते कुठला हॅश आणून देणार?

वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सचं प्रकरण जगभर गाजलंय. सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, त्यानंतर वर्षानुवर्षं हा माणूस नगरपालिकेच्या कचरा डेपो खणू द्या म्हणून मागे लागला, कोर्टात गेला, जानेवारी २०२५ मध्ये तिथेही दावा फेटाळला गेला. त्याचे व्यवहार, त्यांचे हॅश, सगळं जगाला दिसतं. हॅश टाकून कॉइन मिळत असते तर तो एवढी वर्षं कचऱ्याच्या मागे कशाला लागला असता?

आता ‘गूगलने फोडलं’. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने शा-१ फोडून दाखवलं, एकच हॅश असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फायली जाहीर केल्या. पण ते शा-१, जुनं, १६० बिटचं. बिटकॉइन पहिल्या दिवसापासून शा-२५६ वर आहे. आणि त्यांनीही हॅशवरून मूळ फाइल काढली नव्हती, आपल्या मर्जीने अशा दोन फायली घडवल्या की दोघींचा हॅश जुळावा. याला टक्कर म्हणतात, उलटं करणं ही त्याहून कितीतरी अवघड गोष्ट, ती शा-१ चीसुद्धा कोणी करून दाखवलेली नाही. नुसत्या टकरीसाठी त्यांनीच दिलेला हिशोब बघा: ९०० कोटी अब्जांहून जास्त हॅश, म्हणजे एका सीपीयूची ६,५०० वर्षं आणि वर एका जीपीयूची ११० वर्षं. काकांचं टूल म्हणे २४ तासांत करतं.

गुप्तचर संस्थेचा मुद्दाही सगळा खोटा नाही. शा-२५६ एनएसएने बनवलं हे खरंय आणि एनएसएवर संशय घ्यायला जागाही आहे, ड्युअल ईसी नावाच्या त्यांच्या रँडम नंबरच्या पद्धतीत मागचं दार असल्याचा संशय एनएसएची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनच्या २०१३ च्या कागदपत्रांनंतर पक्का झाला आणि २०१४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. पण शा-२५६ ची सगळी रीत, ६४ फेऱ्या, प्रत्येक फेरीतला स्थिरांक कुठून आला, हे छापील आहे (पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांवरून), आणि वीसेक वर्षं जगभरचे लोक ते फोडायला बसलेत. दार सापडलेलं नाही. आणि सापडलंच असतं तर ते तुम्हाला व्हॉट्सॲपवर फुकट वाटलं असतं का?

क्वांटम: धोका आहे, पण हॅशपेक्षा सहीला. पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर बनला तर बिटकॉइनची सध्याची सहीची पद्धत मोडू शकते, आणि ती बदलावी लागेल यावर त्या क्षेत्रातच चर्चा चालू आहे. हॅशवर मात्र सगळ्यात चांगला माहीत असलेला क्वांटम हल्लाही काम २ च्या २५६ व्या घातावरून १२८ व्या घातावर आणतो, तेही आवाक्याबाहेरचंच. उलट अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला पुरून उरतील अशा सह्यांची जी मानकं काढली, त्यातलं एक अख्खं हॅशवरच उभं आहे.

राहिलं मोबाईल मायनिंग. मायनिंग म्हणजे ‘अवघड गणित सोडवणं’ असं सगळे लिहितात, तसं काही नसतं. ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, त्याला ८० बाइटचा मथळा असतो, त्यात मागच्या ब्लॉकचा हॅश असतो (म्हणून जुनं काही बदललं की पुढची सगळी साखळी तुटते) आणि नॉन्स नावाचा एक आकडा. तो बदलत राहायचं, दरवेळी दोनदा शा-२५६ चालवायचं, आणि हॅश ठरलेल्या आकड्यापेक्षा लहान यायची वाट बघायची. नुसते प्रयत्न, अक्कल शून्य. ते मोजायला जी मशीन वापरतात त्यातली एक साधारण सेकंदाला १०० लाख कोटी हॅश काढते. तुमच्या फोनला उदारपणे सेकंदाला एक कोटी देऊ, म्हणजे मशीनचं एका सेकंदाचं काम फोनला जवळजवळ चार महिने. आणि अशा मशीन जगात लाखो आहेत. ॲपमध्ये वाढताना दिसतो तो नुसता स्क्रीनवरचा आकडा. पुण्यात २०१८ मध्ये गुन्हा दाखल झालेलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवतंय का, तेही मायनिंगच्याच नावाने, दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष, १८ महिने.

कोणी १२ शब्द आधीच टाकले असतील तर टूलला मेसेज करत बसू नका, ‘अनलॉक फी’ तर अजिबात भरू नका. नवीन वॉलेट काढा, नवे १२ शब्द कागदावर लिहा, उरलेले कॉइन आत्ताच्या आत्ता तिकडे हलवा, आणि मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.