तिसऱ्या रांगेतल्या पोरांना काय वाजवायला देणार?

गोव्यातल्या फोंड्याहून चुलतभावाचा निरोप आला: जत्रेच्या पालखीला बँड की डीजे, यावरून वाड्यावर जुंपलीय. जाणते बँडच्या बाजूने. पोरं म्हणतात, तीच ती गाणी किती वर्षं ऐकायची? मी इंग्लंडातल्या यॉर्कशायरात, म्हणजे ब्रास बँडच्या, फुंकायच्या पितळी वाद्यांच्या ताफ्याच्या, माहेरीच राहतो, म्हणून मला पंच नेमलंय. माझं मत पोरांना. डीजेला मात्र नाही.

माझी मुलगी इथल्या मुलांच्या बँडमध्ये टेनर हॉर्न हे पितळी वाद्य वाजवते. सध्या त्यांनी एक नवी रचना बसवायला घेतलीय. सुरुवातीला सूरच नाही. सगळे वाद्यातून नुसती हवा फुंकतात, पिस्टन खटखटवतात, पाय आपटतात. मग तिसऱ्या रांगेतली कॉर्नेटवाली पोरं (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचाच छोटा भाऊ), ज्यांना जेमतेम पाच सूर येतात, सात मात्रांचा ठेका धरतात आणि पहिल्या रांगेतले हुशार त्यांच्या मागून येतात. नवशिक्यांचे ओठ लवकर थकतात, म्हणून मध्ये विश्रांती पेरलेली. वरचे सूर टाळलेत, पण लय चांगलीच अवघड ठेवलीय; ओठ तयार व्हायला वर्षं लागतात, डोकं आधीच तयार असतं.

आपल्याकडे चाल एकट्या ट्रम्पेटवाल्याची, बाकीचे मागे पों-पों. पंधरा वर्षांचा पोरगा तिथे टिकेल कशाला?

इथेही नवं संगीत आपोआप आलं नाही, संगीतकारांकडून मुद्दाम लिहून घेतलं गेलं. ब्रास बँडच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी होल्स्ट आणि एल्गार या नामवंत इंग्रज संगीतकारांनी लिहिलं, होल्स्टने १९२८ साली, एल्गारने १९३० साली. देशभरातल्या मुलांचा राष्ट्रीय बँड १९५२ पासून आहे. पण इथलं सगळंच उचलण्यासारखं नाही हं. स्पर्धेसाठी लिहिलेलं बरंचसं परीक्षकांसाठीच असतं; वाजवणारा घामाघूम, ऐकणारा जांभया देतोय. शिवाय हे लोक बहुतेक वेळा खुर्चीवर बसून, समोर कागद ठेवून वाजवतात. पालखीपुढे चालताना कागद कोण सांभाळणार? आपल्याला तोंडपाठ होतील असे छोटे तुकडे हवेत, पालखी थांबेल तसे लांबवता येणारे.

लिहिणारे मिळणार नाहीत, हे मला पटत नाही. चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकलेल्या गोंयकारांनी मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले; अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा आपलेच. आणि घुमट, शामेळ, कासाळे ही आपली तालवाद्यं घरात असताना ठेका बाहेरून कशाला आणायचा? घुमटाला तर २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य ठरवलंय, पण ते आरतीपुरतंच का?

भावाला कळवलंय: डीजेला एका रात्रीचे जे देणार होता, त्यात एखाद्या तरुण संगीतकाराकडून सात-आठ मिनिटांची रचना लिहून घ्या, माझा वाटा धरा. अट एकच, चाल एकदा तरी मागच्या रांगेकडे यायला हवी. आणि घुमटवाल्याला कडेला उभा करू नका. फुंकणाऱ्यांना दम घ्यायला सवड त्याच्यामुळेच मिळणार आहे.