सरकारचा हात आणि कास्तकाराचा भाव

घरच्या ग्रुपवर सध्या एकच घोष चाललाय : हमीभावाच्या खाली माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला आत टाका. पांढरकवड्याचा पुतण्या सर्वांत पुढे. "काका, मंदीत सरकारनं दंडा नाई उचलला तं कास्तकार मरते." 2025-26 साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता आणि बोली त्याच्या कितीतरी खाली, हे मलाही दिसलं. पण दंड्याची ही भक्ती मला सहन होत नाही.

ऑगस्ट 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं हेच ठरवलं होतं. एक वर्ष कैद, 50 हजार दंड. व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद केली आणि सरकारला सारवासारव करावी लागली.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या जर्सी सिटीत 1934 साली जेकब मॅगेड नावाच्या शिंप्याला तुरुंगात घातलं होतं. सूटच्या इस्त्रीचा ठरलेला दर 40 सेंट, त्यानं 35 घेतले, एवढाच गुन्हा. महामंदी होती, भाव पडू द्यायचे नाहीत, असं रूझवेल्ट सरकारचं गणित. त्याच गणितानं 1933 साली शेतकऱ्यांना पैसे देऊन कापसाचं उभं पीक नांगरायला लावलं, सुमारे एक कोटी एकर. दरपत्रकांचं हे खूळ ज्या कायद्यातून निघालं, तो 1935 साली एका कोंबडीवाल्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं मोडीत काढला. इथले लोक निदान कोर्टात तरी जातात.

आपण काय केलं? महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा. बाबांबरोबर खरेदी केंद्रावर बैलबंडीखाली झोपलोय मी. ग्रेडर ढिगात हात घालायचा, मूठभर कापूस उपसायचा, बोटांनी धागा ओढायचा आणि बाबांकडे न बघता कापसाचा दर्जा एक पायरी खाली लिहायचा. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हप्त्याहप्त्यानं. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला भाव जास्त असला तरी राज्याबाहेर कापूस नेणं गुन्हा. म्हणून बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबून रात्री बंड्या नदी ओलांडायच्या. आपलाच माल, आपणच चोर! काही वर्षी एकाधिकाराचा भाव चढा होता आणि तिकडचा कापूस इकडे यायचा, असं पुतण्या सांगतो. असेल.

आणि आज? सोयाबीनचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावाचा सौदा, डिसेंबर 2021 मध्ये बंद केला. ऑगस्ट 2025 मध्ये, हंगामाच्या तोंडावर, कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढलं, फायदा गिरण्यांचा. हा हात कास्तकाराचा भाव वर उचलतो कमी, दाबतो जास्त. तोच हात मजबूत करा म्हणणाऱ्यांना काय म्हणावं?

पुतण्यानं उत्तरादाखल अमेरिकेच्या कापूस अनुदानांची बातमी टाकली. या अनुदानांवरून ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकला आणि 2014 साली अमेरिकेनं 30 कोटी डॉलर मोजून तो मिटवला. ठीक आहे, पण त्यांच्या तिजोरीत पैसा आहे, आपल्याकडे घोषणा.

मग त्यानं खरा घाव घातला. "काका, तुमी तं ठेका पेरणीआधीच घेता. भाव पडो का चढो, तुमचा हमीभाव पक्का."

गावची माझी जमीन दुसरा कसतो आणि त्याची ठरलेली रक्कम मी आधीच घेतो, तो हा ठेका. ठेका हा दोघांच्या राजीखुशीचा सौदा असतो, सरकारनं लादलेला नसतो, असं मी लगेच टाइप केलं. ते खरंच आहे. पण एकरी चांगला भाव येत असूनही ती जमीन मी विकत नाही, हे माझ्या बाजारशास्त्रात बसत नाही. सातबारा ऑनलाइन उघडून नाव आहे ना बघतो, हेही बसत नाही. पुतण्या उद्या घेतो म्हणाला, तर त्याला बाजाराचा भाव सांगायची माझी छाती नाही. घरचाच सांगावा लागेल.