आधी आत टाका, मग विचारा: कट्ट्यावरचं एक भांडण

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या कट्ट्यावर धर्म आणि राजकारण काढायचं नाही असा नियम आहे, तो रोज मोडतो. परवा निमित्त झालं एका रीलचं. कॉलनीतल्याच एका पोराने बनवलीये, बाप्पा डीजेच्या भिंतीसमोर बसलेत आणि दोन हातांनी आपले सुपाएवढे कान दाबून धरलेत, उरलेल्या दोन हातांत मोदक आणि पाण्याची बाटली. मला तर आवडली बुवा. पण कॉलनीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं की ह्याच्यावर २९५-अ लावा, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याचं कलम, आणि सुध्या तेच म्हणत तिथूनच पेटून आला.

सुध्याचं नेहमीचंच, की बाप्पाचीच का रे, दुसऱ्या कुणाची करून दाखव म्हणावं. हे वाक्य आलं की अस्लम हातातला चहा खाली ठेवतो. "भिया, दुसरा कुणी म्हणजे मीच ना? मग नाव घेऊन बोल की." दोघं पाचवीपासून एका बाकावर बसलेले, त्यामुळे काळजीचं कारण नसतं, पण आवाज पार चौकापर्यंत जातो.

अण्णा रिटायर्ड वकील. त्यांनी आधी सुध्याची चूक काढली, की तुझं २९५-अ आता राहिलंच नाही, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत त्याचं २९९ झालं, शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. आणि नुसत्या भावना दुखावल्या एवढ्यावर ते लागत नाही, मुद्दाम आणि दुष्ट हेतूने केलंय हे दाखवावं लागतं. धोनीचं आठवतं का? २०१३ ला एका मासिकाने त्याला कव्हरवर विष्णू केला, हातात बूट-बिट सगळ्या कंपन्यांचा माल दिला, आणि केस कुणावर तर धोनीवरसुद्धा! २०१७ ला सुप्रीम कोर्टाने उडवली, म्हणाले दुष्ट हेतू नसताना, नकळत किंवा निष्काळजीपणे झालं असेल तर हे कलम नाही.

"मग झालं तर," सुध्या म्हणाला, "कोर्ट सोडतं ना? असू दे की कायदा. कायदा नसला तर लोक रस्त्यावर येतील."

यावर अण्णांनी पार लाहोर काढलं. हे कलम आलंच तिथून. पैगंबरांवरच्या एका पुस्तिकेचा प्रकाशक राजपाल, त्याला १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाने सोडलं कारण तेव्हाच्या कलमांत ते बसेना, त्यावरून एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी इंग्रजांनी २९५-अ घातलं. जिनांनी तेव्हाच बजावलं होतं की धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्याला, इतिहास लिहिणाऱ्याला ह्यात अडकवू नका. मी म्हटलं, अण्णा, पण राजपालचा खून कधी झाला? १९२९. म्हणजे कायदा आल्यावर दोन वर्षांनी! रस्त्यावरचा राग थांबावा म्हणून कायदा केला आणि सुरीवाला काही थांबला नाही. सुध्या यावर गप्प बसला नाही, म्हणाला एका माथेफिरूवरून कायदा ठरवायचा का, पण आवाज जरा उतरला होता.

मग अस्लमच बोलला, आणि मला ते सगळ्यात पटलं. "माझ्या पैगंबरांबद्दल कुणी घाण बोललं तर मला त्रास होतो, खोटं कशाला बोलू. वाटतं ह्याला आत टाका. पण शेजारी पाकिस्तानात बघ ना. तिथल्या लष्करशहाने, झियाने, ईशनिंदेचं कलम कडक केलं, १९८६ मध्ये थेट फाशीपर्यंत नेलं, म्हणजे लोक शांत व्हायला पाहिजे होते ना? शेतात पाण्यावरून बायकांची भांडाभांडी झाली आणि आसिया बीबीला २०१० मध्ये फाशीची शिक्षा. सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं २०१८ मध्ये. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबच्या गव्हर्नरला, सलमान तासीरला, त्याच्याच बॉडीगार्डने २०११ मध्ये मारलं. जेवढा कायदा कडक तेवढं लोकांना वाटतं आपल्याला परवाना मिळाला."

"तू पाकिस्तानचं नको सांगू, हुसेनचं सांग," सुध्या. हे येणार होतंच. इंदूरमध्ये हा विषय चित्रकार एम. एफ. हुसेनवर आल्याशिवाय संपत नाही, कारण तो आपल्याच गावात वाढलेला, देवळालीकरांच्या चित्रशाळेत शिकलेला. आमच्या वृंदाताई चित्रकलेच्या टीचर होत्या, त्यांनी सुध्याला सरळ हातात घेतलं. "त्याची ती नग्न सरस्वती १९७६ ची आहे रे. बोंबाबोंब १९९६ मध्ये झाली, भोपाळच्या एका मासिकाने छापल्यावर. मधली वीस वर्षं कुणाच्या भावना कुठे होत्या? चित्र बदललं नव्हतं, छापणाऱ्याने पेटवायला छापलं." भारतमातेच्या चित्रावरच्या केसेस दिल्ली हायकोर्टाने २००८ मध्ये रद्द केल्या, पण तोपर्यंत म्हातारा देश सोडून गेला होता, २०१० ला कतारचं नागरिकत्व आणि २०११ ला लंडनमध्ये गेलाच.

सुध्याचा हुकमी पत्ता, की स्वतःच्या धर्माचं काढायची हिंमत होती का. अस्लम हसायलाच लागला. २००४ मध्ये हुसेनच्याच पिक्चरमधल्या कव्वालीत कुराणातले शब्द आहेत म्हणून आमच्याच मौलवींनी गोंधळ घातला आणि हुसेनने पिक्चर थेटरांतून काढून घेतला, म्हणजे दोन्हीकडून मार खाल्लेला माणूस आहे तो. सुध्याला हे खरंच माहीत नव्हतं. (मलाही ते वृंदाताईंकडूनच कळलेलं, पण मी चेहरा तसा ठेवला नाही.)

माझं म्हणणं मी मग मांडलं. मला कलम असण्या-नसण्यापेक्षा अटकेची भीती वाटते. हे काही लांबचं नाही, १ जानेवारी २०२१ ला आपल्या इंदूरमध्येच कॉमेडियन मुनव्वर फारूकीला कार्यक्रमातून उचललं, हायकोर्टाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने दिला, म्हणजे महिन्याच्या वर पोरगा आत. तो काय बोलला, बोलला की नाही, जोक भंगार होता का, हेतू काय, हे सगळं नंतर. अण्णांनी मान हलवली आणि मग जे सांगितलं ते ऐकून सुध्यासुद्धा पुढे सरकून बसला. ह्या कलमाखाली कोर्टाला खटला दाखल करून घ्यायचा असेल तर सरकारची मंजुरी लागते, पण पोलिसांना अटक करायला ती लागत नाही! गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे खटल्याच्या दाराला कुलूप आणि जेलचं दार सताड उघडं.

"आणि लोकांनी आपली मनं किती नाजूक ठेवायची?" अण्णा आता फॉर्मात. १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहून ठेवलंय की शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, धीट, विचारी माणसावरून, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो त्याच्यावरून नाही. मार्च २०२५ मध्ये खासदार-कवी इम्रान प्रतापगढींच्या गुजरातमधल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने परत तीच कसोटी सांगितली, आणि म्हणाले की बोलण्यावरून असा गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करावी, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याला चौदा दिवस दिलेत. वृंदाताई म्हणाल्या, तुकोबांच्या वेळी एवढी तरी सोय असती तर गाथा इंद्रायणीत गेली नसती, तेव्हाही कुणाच्या तरी भावनाच दुखावल्या होत्या की.

मी म्हटलं, मग सोपं आहे, मंजुरीची अट अटकेच्या आधी आणा. आधी सही, मग बेडी. मला वाटलं झालं, जिंकलो.

सुध्याने बिस्किट चहात बुडवलं. "आणि सही करणारं सरकार कुणाचं? माझ्या बाजूचं असलं तर अस्लमच्या पोराला चार दिवसांत मंजुरी, माझ्या पोराची फाइल गहाळ. उद्या उलटं. मग?"

आता हा प्रश्न बरोबर होता, आणि सुध्याकडून आला म्हणून मला जास्तच लागला. अण्णा थोडे थांबून म्हणाले, "ते होणारच. पण निदान कागदावर कुणाची तरी सही येईल, आणि त्या सहीला कोर्टात प्रश्न विचारता येतो. ठाण्याबाहेर जमलेल्या शंभर लोकांना काय विचारणार?"

"कोर्टात जायला पैसे कोण देणार, ते पण सांगा," अस्लम म्हणाला. त्यावर परत सगळे एकदम बोलायला लागले.