चित्रकार्डांमुळे मूल बोलायचं थांबत नाही

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑटिझम असलेल्या मुलाला हवं-नको सांगायला चित्रकार्डं देऊ नका, खुणा शिकवू नका. सोपा मार्ग मिळाला की मूल बोलायचा आळस करतं. पाच वर्षांपर्यंत फक्त बोलण्यावर भर द्या. शिवाय हे सगळं परदेशी आणि महागडं आहे.’ नुकतंच निदान झालेल्या घरात असा मेसेज पोचला की कार्डं कपाटात जातात, आणि नुकसान मुलाचं होतं.

‘आळस करतं.’ हा दावा तपासून झालेला आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली, विकासात्मक अपंगत्व असलेल्यांना खुणा किंवा चित्रं अशी साधनं दिल्यावर त्यांच्या बोलण्याचं काय होतं, याचे अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांच्याबाबत पुरावा भक्कम होता अशा २७ जणांपैकी ८९ टक्के जणांचं बोलणं वाढलं, उरलेल्यांचं होतं तेवढंच राहिलं, कमी कुणाचंच झालं नाही. वाढ पुष्कळदा थोडीच होती, त्यामुळे कार्डांनी वाचा फुटेलच असं वचनही कुणी देऊ नये. पण आळस कसला? कार्ड शोधा, काढा, नेऊन द्या, यापेक्षा ‘पाणी’ म्हणणं कितीतरी सोपं. ज्याला जमतं तो बोलतोच. बॉण्डी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये आणलेल्या ‘पेक्स’ पद्धतीत मूल कार्ड माणसाच्या हातात देतं, मोठं माणूस तो शब्द उच्चारून वस्तू देतं. म्हणजे शब्द कानावर पडतोच, आणि मागायचं तर माणसाकडे जायचं, हेही कळतं.

‘पाच वर्षांपर्यंत थांबा.’ का? तोवर पोट दुखलं तर त्यानं सांगायचं कसं? कसारी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली पाच ते आठ वर्षांच्या, जेमतेम बोलणाऱ्या ६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना थेरपीबरोबर सुरुवातीपासून, चित्र दाबलं की शब्द बोलणारं उपकरण दिलं, ती मुलं नुसती थेरपी मिळालेल्यांपेक्षा आपणहून जास्त संवाद साधू लागली. ही मुलं पाचच्या पुढची होती, पण उपकरण लांबवल्यानं फायदा झाला असं इथेही दिसलं नाही.

खुणांचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात सुरू झालेल्या ‘मॅकॅटन’ या पद्धतीत खुणा बोलण्यासोबतच करतात. बोटं वळत नसतील तर चित्रं घ्यावीत. रिक्षावाल्यालाही चित्र कळतं.

‘परदेशी, महागडं.’ आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रांतून संवाद साधायचं ‘जेलो’ हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीत चालतं. फोनही नको असेल तर घरातल्याच ताटलीचा, पाण्याच्या बाटलीचा फोटो छापून लॅमिनेट करा. सुरुवात आवडत्या खाऊपासून करा, पण ‘नको’, ‘थांब’ आणि ‘दुखतंय’ ही कार्डं फार मागे ठेवू नका.