‘आयती पोरं मिळाली, कोणीही घडवली असती’: ब्रायन हार्टलाइनबद्दल फिरणारा एक चुकीचा दावा

डिसेंबर २०२५ मध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठाने ब्रायन हार्टलाइनला मुख्य कोच नेमलं आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांमध्ये एक जुना दावा पुन्हा फिरायला लागला. दावा थोडक्यात असा: हा माणूस ओहायो स्टेटमध्ये आठ हंगाम वाइड रिसीव्हरचा कोच होता, पण त्याने केलं काय? देशातली सगळ्यात तयार पोरं गोळा केली. पोरं मुळातच गुणी, नाव ओहायो स्टेटचं, पैसा बड्या देणगीदारांचा, आणि नोकरी मिळाली ती स्वतः एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग, खेळला म्हणून. त्याच्या जागी कोणीही असता तरी तेच झालं असतं.

हा खेळ फारसा न पाहिलेल्यांसाठी एवढंच सांगतो की क्वार्टरबॅकने लांब फेकलेला चेंडू पकडायला मैदानाच्या कडेने धावणारा गडी म्हणजे वाइड रिसीव्हर. मुख्य कोचच्या हाताखाली प्रत्येक जागेसाठी वेगळा कोच असतो, त्यातलाच एक रिसीव्हरांचा. टीव्हीवर तो फारसा दिसत नाही. दिसत नाही म्हणून त्याचं काम नाहीच असं ठरवून टाकणं मला सहन होत नाही, म्हणून हा दावा मुद्द्यामुद्द्याने तपासतो.

पैशाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो एका तारखेवर पडतो. कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची परवानगी मिळाली १ जुलै २०२१ पासून. ख्रिस ओलावे ओहायो स्टेटमध्ये आला २०१८ मध्ये, गॅरेट विल्सन २०१९ मध्ये, जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा २०२० मध्ये. मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर आणि एमेका एगबुका यांनीही ती तारीख उजाडायच्या आत नाव नोंदवलेलं होतं. पुढे हे पाचही जण एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंना क्रमाने निवडतात त्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडले गेले. आज पैसा खेळाची दिशा ठरवतो हे खरं, पण या पाच जणांच्या हिशोबात तो बसत नाही.

आता नावाचा मुद्दा. ‘ओहायो स्टेटचं नावच एवढं मोठं आहे की तिथला रिसीव्हर पहिल्या फेरीत जाणारच.’ ऐकायला पटतं. पण ड्राफ्टची यादी काढून बघा. २००६ मध्ये सँटोनियो होम्स २५वा गेला. २००७ मध्ये टेड गिन ज्युनियर नववा आणि अँथनी गोन्झालेझ ३२वा. त्यानंतर २००८ ते २०२१, तब्बल १४ ड्राफ्ट, ओहायो स्टेटचा एकही रिसीव्हर पहिल्या फेरीत नाही. एकही नाही! या काळात नाव कुठे गेलं होतं का? स्टेडियम तेच, लाखभर प्रेक्षक तेच, अर्बन मायरसारखा कोच, २०१४ च्या हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपदसुद्धा याच काळातलं. मायकेल थॉमससारखा रिसीव्हर याच संघातून बाहेर पडला, तो २०१६ मध्ये ४७वा निवडला गेला. मग २०२२ मध्ये विल्सन दहावा, ओलावे अकरावा. २०२३ मध्ये स्मिथ-एन्जिग्बा विसावा. २०२४ मध्ये हॅरिसन चौथा. २०२५ मध्ये एगबुका एकोणिसावा. १४ ड्राफ्टमध्ये शून्य आणि पुढच्या चार ड्राफ्टमध्ये पाच.

याचं सगळं श्रेय एका माणसाला द्यायचं का? नाही. मुख्य कोच रायन डे याने आखलेला पासवर आधारलेला हल्ला हे त्यामागचं मोठं कारण आहे. ड्वेन हॅस्किन्स, जस्टिन फील्ड्स, सी. जे. स्ट्राउड असे एकामागून एक पहिल्या फेरीचे क्वार्टरबॅक लाभले हे दुसरं. चेंडू नीट फेकणाराच नसेल तर पकडणारा काय करणार? हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण ‘कोणीही असता तरी’ या तीन शब्दांना ती १४ वर्षं पुरेसं उत्तर देतात.

दाव्याचा गाभा मात्र पुढे आहे: पोरं आयती मिळाली. तर हार्टलाइनच्या अगदी पहिल्या हंगामाकडे जाऊ. जुलै २०१८ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, आधीच्या रिसीव्हर कोचला काढण्यात आलं आणि हार्टलाइनला तात्पुरता कोच म्हणून उभं केलं गेलं. रिसीव्हरांच्या खोलीत, म्हणजे त्या गटात, जी पोरं होती त्यातलं एकही त्याने आणलेलं नव्हतं. पॅरिस कॅम्पबेल, के. जे. हिल, टेरी मॅक्लॉरिन ही तीन-चार वर्षं तिथेच मुरलेली मंडळी. त्या हंगामात कॅम्पबेलने ९० झेल घेऊन १,०६३ यार्ड काढले. मॅक्लॉरिनने फक्त ३५ झेल घेतले, पण त्यातून ७०१ यार्ड आणि ११ टचडाउन (चेंडू थेट विरोधी टोकाच्या रेषेपार).

मॅक्लॉरिनपाशी मी जरा थांबतो, कारण मला तो मनापासून आवडतो. कॉलेजात त्याची ओळख होती ती पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून समोरच्या संघाला दिला जातो तेव्हा, सगळ्यात पुढे धावत जाऊन समोरच्याला पाडणारा आणि आपल्या धावणाऱ्या गड्यासाठी ब्लॉक करणारा म्हणून. टाळ्या न मिळणारी कामं ही. त्याला २०१९ मध्ये तिसऱ्या फेरीत वॉशिंग्टनने घेतलं, ७६वा, आणि २०२० ते २०२४ सलग पाच हंगाम त्याने हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. त्याला आयता माल म्हणायचं असेल तर कोणी म्हणो. चार वर्षं तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

ओलावेचं तर आणखी स्पष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसच्या शाळेत रायन डे गेला होता तो तिथल्या क्वार्टरबॅकला बघायला. त्या क्वार्टरबॅकने फेकलेले चेंडू पकडत होता तो ओलावे. पाचपैकी तीन ताऱ्यांचा खेळाडू, म्हणजे शाळकरी खेळाडूंच्या मानांकनाच्या भाषेत ‘बरा आहे’. त्याला हेरलं डेने, हार्टलाइनने नव्हे. पण कॉलेज सोडताना त्याच्या नावावर ३५ टचडाउन झेल होते. हा ओहायो स्टेटचा विक्रम, डेव्हिड बॉस्टनच्या ३४ च्या पुढचा. हॅरिसन चार ताऱ्यांचा. त्याचे वडील हॉल ऑफ फेममधले, म्हणजे एनएफएलच्या दिग्गजांतले, तेव्हा रक्तात खेळ होता यात शंका नाही. तरीही पहिल्या वर्षी, २०२१ च्या हंगामात, शेवटच्या सामन्याच्या आधी त्याच्या खात्यात पाच झेल होते. पाच. तयार माल असा बसून राहतो का?

उलट बाजूही सांगतो. २०२० मध्ये कॉलेजात भरती झालेल्यांतला देशातला पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर ज्युलियन फ्लेमिंग याच खोलीत आला होता. दुखापतींनी त्याला गाठलं, पुढे तो पेन स्टेटला गेला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. कोच जादूगार नसतो. आणि तारे म्हणजे भविष्य नसतं, हेही त्यातूनच दिसतं.

मग कोच शिकवतो तरी काय? ‘चेंडू पकडणं’ हे उत्तर देणाऱ्याने एकदा एक रूट, म्हणजे रिसीव्हरचा ठरलेला धावण्याचा मार्ग, हळू करून बघावा. समजा बारा यार्ड धावून आत वळायचं आहे. समोर कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा विरोधी गडी, छातीला छाती भिडवून उभा. चेंडू खेळात आला की तो दोन्ही हातांनी छातीवर ढकलणार, कारण रिसीव्हरला अर्धा सेकंद उशीर झाला तरी त्याचं काम झालं. म्हणून पहिली लढाई पायांची आणि हातांची: जागच्या जागी झपझप पाय, खांदा एका बाजूला दाखवायचा, त्याचा हात मनगटापाशी झटकायचा आणि दुसऱ्या बाजूने निसटायचं. निसटल्यावर बाजूबाजूने पळत राहायचं नाही, त्याच्या बरोबर पुढे येऊन त्याला पाठीवर घ्यायचं, म्हणजे चेंडू आणि तो यांच्यामध्ये आपण. मग बारावा यार्ड. इथे कच्चा गडी ओळखू येतो, कारण वळायच्या आधी तो छाती वर काढतो, पावलं आखूड करतो, आणि अनुभवी कॉर्नरबॅक तेवढ्यावरून ओळखतो. पक्का गडी वेग तोच ठेवतो, कंबर एकदम खाली नेतो, बाहेरच्या पायाच्या आतल्या कडेवर सगळं वजन टाकतो आणि एका ठोक्यात वळतो. तोपर्यंत क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू सुटलेला असतो, गडी वळायच्या आधीच, मोकळ्या जागेकडे. बाराऐवजी तेरा यार्ड गेलात तर चेंडू पाठीमागून जाणार आणि तिथे विरोधी संघाचा माणूस असणार.

राहता राहिला झेल. चेंडू छातीच्या वर आला तर अंगठे जवळ, कमरेखाली आला तर करंगळ्या जवळ, नजर चेंडूच्या टोकावर, हात स्लिपमधल्या चांगल्या फिल्डरसारखे मऊ. हे वाचायला एक ओळ लागते. अंगात मुरायला सरावानंतर फेकणाऱ्या मशीनसमोर शेकडो चेंडू लागतात, रोज. रिसीव्हर कोचचं काम म्हणजे हे. त्या एका पावलाची चूक चित्रफितीत थांबवून दाखवायची, पुन्हा करून घ्यायचं, पुन्हा थांबवायचं.

याची परीक्षा कशी घेणार? नशिबाने एक झाली. १ जानेवारी २०२२, पसाडिना, रोझ बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामना, समोर युटाचा संघ. विल्सन आणि ओलावे दोघेही ड्राफ्टच्या तयारीसाठी खेळले नाहीत. म्हणजे ज्यांच्यामुळे सगळं चाललंय असं म्हणत होते तेच दोघे बाहेर. मध्यंतराला ओहायो स्टेट ३५-२१ ने मागे. सामना संपला तेव्हा ४८-४५ ने पुढे. स्मिथ-एन्जिग्बाचे १५ झेल, ३४७ यार्ड, तीन टचडाउन. आणि पाच झेलांच्या त्या हॅरिसनने एका दुपारी सहा झेल घेतले, त्यातले तीन टचडाउन. बाकावर बसलेली पोरंही तेवढीच तयार होती. पुढच्या हंगामात हॅरिसनने १,२६३ यार्ड काढले, त्याच्या पुढच्यात १,२११, आणि देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कार घेऊन गेला.

इथे हमखास एक प्रतिप्रश्न येतो: मग जेमसन विल्यम्स सोडून का गेला? तो दोन वर्षं ओहायो स्टेटमध्ये होता, मिळून १५ झेल. २०२१ मध्ये अलाबामाला गेला, एका हंगामात १,५७२ यार्ड काढले आणि ड्राफ्टमध्ये बारावा निवडला गेला. अलाबामाच्या कोचांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण क्रमांक पुन्हा वाचा: दहावा विल्सन, अकरावा ओलावे, बारावा विल्यम्स. २०२० च्या हंगामात हे तिघे एकाच खोलीत, एकाच कोचसमोर बसत होते. त्याला तिथे जागा नव्हती, कारण त्याच्या पुढे विल्सन, ओलावे आणि स्मिथ-एन्जिग्बा होते. यात कोचचा कमीपणा कुठे दिसतो ते मला कळलेलं नाही.

‘एनएफएल खेळला म्हणून नोकरी मिळाली’ हा शेवटचा आरोप तर माहिती न घेता केलेला आहे. हार्टलाइन ओहायोच्या कँटनचा, ओहायो स्टेटचाच जुना गडी. २००९ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १०८वा. वेगासाठी कोणी त्याचं नाव घेत नव्हतं. मायामी डॉल्फिन्सकडून ३० सप्टेंबर २०१२ ला ॲरिझोनाविरुद्ध त्याने १२ झेलांत २५३ यार्ड काढले, हा त्या संघाचा एका सामन्यातला विक्रम ठरला. त्या हंगामात १,०८३ यार्ड, पुढच्यात १,०१६. २०१३ मध्ये पाच वर्षांसाठी सुमारे ३ कोटी डॉलरचा करार. एवढं कमावलेला माणूस २०१७ मध्ये परत आला तो ‘क्वालिटी कंट्रोल’च्या हुद्द्यावर, म्हणजे कोचिंगच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी. चित्रफिती कापायच्या, प्रतिस्पर्ध्याच्या चाली कागदावर मांडायच्या. त्या वेळच्या नियमांनुसार या हुद्द्यावरच्या माणसाला मैदानात उतरून खेळाडूंना शिकवायचीही मुभा नव्हती. नावावर नोकरी मिळवायची असती तर कोणी ही वाट धरत नाही.

टीका करायची तर जागा आहे, आणि ती वेगळी आहे. पूर्ण हल्ल्याची आखणी आणि चालींची निवड हे रिसीव्हर शिकवण्याहून निराळं काम. २०२४ च्या हंगामात चिप केली आक्रमणाचा प्रमुख होता. जानेवारी २०२५ मध्ये अटलांटात नोट्र डेमला ३४-२३ हरवून ओहायो स्टेट विजेता झाला, आणि त्या रात्री सामना पक्का करणारा ५६ यार्डांचा झेल जेरमाया स्मिथचा होता, हार्टलाइनच्या खोलीतल्या पहिल्या वर्षाच्या पोराचा. २०२५ मध्ये चाली निवडायचं काम हार्टलाइनकडे आलं. संघ बारा सामने जिंकला आणि बिग टेन या आपल्या विद्यापीठ-गटाच्या अंतिम सामन्यात इंडियानाकडून १३-१० ने हरला. असे रिसीव्हर हाताशी असताना दहाच गुण? हा प्रश्न रास्त आहे, मीही तो विचारतो.

आता टँपामध्ये, म्हणजे साउथ फ्लोरिडा विद्यापीठात, त्याच्या पाठीशी ओहायो स्टेटचं नाव नाही. पाच ताऱ्यांची पोरं तिकडे क्वचितच वळतात. ओलावेसारखा तीन ताऱ्यांचा, दुसऱ्याच कुणाला बघायला गेलेल्याच्या नजरेस पडलेला पोरगा, हीच तिथली मोठी भरती असेल.