ज्योचे केस आणि माझ्या वेण्या

'मराठीत तेरा-चौदा वर्षांच्या मुलींसाठी कादंबऱ्याच नाहीत' हे एका लेखातलं वाक्य बरंचसं पटलं. पण आमच्याकडे शांता शेळक्यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' होती की! चार बहिणींची गोष्ट; मूळ पुस्तक लुइसा मे अल्कॉटचं 'लिटल विमेन', १८६८चं, अमेरिकेतलं. तरी त्यातली धीट बहीण ज्यो आजारी वडिलांसाठी केस विकून २५ डॉलर आणते ते वाचून मी बॉबकटसाठी आईच्या मागे लागले होते. (मिळाला नाही. दोन वेण्या, दहावीपर्यंत.) त्या रात्री ती केसांसाठी गुपचूप रडते, ते मला जास्त भावलं. धीट मुलगीही रडते, हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे ती प्राध्यापकाशी लग्न करते, त्यावर मात्र मी अजून रुसलेय. खुद्द लेखिकेलाही ते लग्न नको होतं. पण 'ज्योचं लग्न लावा' म्हणणाऱ्या वाचक मुलींच्या पत्रांनी तिला भंडावून सोडलं!